बुरेनच्या किनाऱ्यावर मैत्रिणीच्या घरी

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला पठारावरच्या फुलांचे वेगळे कौतुक सांगावे लागत नाही. भाद्रपद आला की कासची वाट धरायची, ही आमच्याकडची जुनी सवय आहे. त्यामुळे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यातील बुरेन या चुनखडकी प्रदेशात, फनोर गावाजवळ राहणाऱ्या माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीने जेव्हा कळवले, की तिच्या घरामागचा डोंगर म्हणजे नुसता उघडा दगड आहे आणि तरीही मे महिन्यात तो फुलतो, तेव्हा तिला भेटायला जायचे ते मे महिन्यातच, हे मी ठरवून टाकले. मैत्रीण आणि तिचे यजमान दोघेही गॉलवे शहरातील रुग्णालयात नोकरी करतात आणि रोज एका दिशेला सुमारे तासाभराचा प्रवास करून या किनाऱ्यावर राहतात. शहरात घर घेणे सोयीचे असूनही त्यांनी हे गाव का निवडले असेल, हा प्रश्न मी निघताना मनात घेऊनच निघाले होते.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. आयर्लंड युरोपीय संघात असले तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा व्हिसा काढावा लागतो. डब्लिनला उतरून गॉलवेपर्यंत बस किंवा रेल्वेने अडीच तासांच्या आसपास लागतात. सामानात मी घरचे ज्वारीचे पीठ आणि कांदा-लसूण मसाला नेला. कंदी पेढे मात्र नेता आले नाहीत, कारण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ सोबत आणण्याची परवानगी नाही. मैत्रिणीला याचे वाईट वाटले. त्यावर तिने काढलेला मार्ग पुढे सांगेन.

गॉलवे सोडून बॅलीव्हॉनमार्गे ब्लॅक हेडच्या टोकाला वळसा घातला, की रस्त्याच्या उजव्या हाताला अटलांटिक समुद्र आणि डाव्या हाताला करड्या पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर अशी चिंचोळी पट्टी सुरू होते. फनोर या पट्टीवरच वसलेले आहे. बाजारपेठ नाही, चौक नाही. एकमेकांपासून लांब लांब असलेली पांढरी बैठी घरे, मध्ये दगडी कुंपणांनी तोडलेली छोटी कुरणे आणि खाली वाळूचा किनारा. कॅहर नावाची एक छोटी नदी येथे समुद्राला मिळते. बुरेनच्या या चुनखडकी प्रदेशात बहुतेक पाणी भेगांमधून जमिनीखाली उतरते. सगळी वाट जमिनीवरून वाहत समुद्रापर्यंत पोहोचणारी नदी म्हणून या कॅहरचे तेथील लोकांना अप्रूप आहे. हवा स्वच्छ असली, की समोर अरन बेटांची काळी रेघ दिसते.

पहिल्या दिवशी मला सर्वांत जास्त जाणवला तो उजेड. मे महिन्याच्या अखेरीस तेथे रात्री पावणेदहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश राहतो. दोघे कामावरून परत आल्यावर स्वयंपाक, जेवण आणि त्यानंतर समुद्रावर लांब फेरी, हे सगळे उजेडात होते. गल्लीसारख्या अरुंद रस्त्याने चालताना समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला सुकाणूवरचे एक बोट उचलून ओळख देतो, मग तो तुम्हाला ओळखत असो वा नसो. मैत्रिणीने सांगितले, "अगं, पहिल्या वर्षी मला वाटायचे की हे सगळे यांच्या ओळखीचे पेशंट आहेत. आता मीही बोट उचलते."

या घरात भिंतीवरच्या घड्याळाच्या शेजारी भरती-ओहोटीचे वेळापत्रक लावलेले आहे आणि त्याचा उपयोग घड्याळाइतकाच होतो. गॉलवेच्या आखातात उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक वरखाली होते, त्यामुळे सकाळी ज्या खडकावर उभे राहावे, तो दुपारी पूर्ण पाण्याखाली गेलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी ओहोटी लागते आणि एरवी कधीच उघडे न पडणारे खडक तेव्हा दिसू लागतात. अशाच एका ओहोटीला आम्ही कॅरागीन नावाचे लालसर जांभळे समुद्रशेवाळ गोळा केले. ते मुळासकट उपटायचे नाही, कात्रीने वरचा भाग कापायचा, म्हणजे पुन्हा वाढते, हे तिला शेजारच्या आजींनी शिकवले होते. धुऊन, उन्हात वाळवून ते पांढरट झाले, की दुधात उकळतात; त्यातला चिकट अंश दुधात उतरतो आणि गाळून ठेवलेले दूध थंड झाल्यावर घट्ट बसते. तिकडे त्यात साखर आणि व्हॅनिला घालतात. मैत्रिणीने वेलदोडा आणि जायफळ घातले, आणि वाटीतून कापून काढलेली ती वडी तोंडात घालताच मला चिकाच्या खरवसाची आठवण झाली.

तिचे यजमान मूळचे सांगली जिल्ह्यातील तासगावचे. त्यांनी लहानपणी समुद्र पाहिलाही नव्हता. आता ते खडकाच्या कडेला उभे राहून गळाने पोलॅक मासे पकडतात. दोन-तीन मासे मिळाले की पुढचे पकडायचे नाहीत, हा त्यांचा नियम आहे. पोलॅकचे मांस पांढरे आणि सौम्य असते. ते कांदा-लसूण मसाल्यात घोळवून तव्यावर परतले आणि सोबत मी नेलेल्या पिठाची भाकरी, असे जेवण आम्ही समुद्राकडच्या खिडकीपाशी बसून केले. पाण्यात उतरण्याचे धाडस मात्र मी एकदाच केले. मे महिन्यात समुद्राचे पाणी 12 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तेथील वयस्क बायका त्यात रोज सकाळी शांतपणे पोहतात, याबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे.

पण ज्यासाठी मी गेले होते तो डोंगर घराच्या मागे होता. बुरेनचा चुनखडक सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी उष्ण, उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी त्यावरची माती खरवडून नेली आणि पावसाच्या पाण्याने दगडात खोल, सरळ भेगा पाडल्या. वरून पाहिले तर नुसती फरसबंदी दिसते. वाकून भेगेत डोकावले की मात्र आत नेचे, जिरेनियम आणि सावलीतले गवत सुखाने वाढलेले असते. दोन दगडांच्या मधल्या पातळ मातीत स्प्रिंग जेन्शियनची निळी फुले होती, आणि तो निळा रंग मी याआधी कोणत्याही फुलात पाहिलेला नव्हता. जेन्शियन मूळची आल्प्ससारख्या उंच पर्वतांवरची. शेजारीच माउंटन एव्हन्सची पांढरी फुले होती, जी ध्रुवीय प्रदेशातही आढळतात. आणि त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर भूमध्य सागराच्या परिसरातले एक छोटेसे ऑर्किड. थंड आणि उष्ण प्रदेशांतल्या वनस्पती अशा एकमेकींच्या शेजारी, आणि तेही समुद्रसपाटीच्या इतक्या जवळ, क्वचितच दिसतात. आयर्लंडच्या स्थानिक वनस्पतींपैकी 70 टक्क्यांहून अधिक जाती या एका प्रदेशात सापडतात.

ही फुले टिकली आहेत ती गुरांमुळे, हे मला शेजारच्या शेतकऱ्याने सांगितले. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ आम्हाला आपल्या डोंगरावर घेऊन गेले. आपल्याकडे किंवा आल्प्समध्ये गुरे उन्हाळ्यात उंचावर जातात आणि थंडीत खाली येतात, अशी आपली समजूत असते. बुरेनमध्ये उलटे आहे. ऑक्टोबर संपता संपता गुरे डोंगरावर चढवतात आणि एप्रिलच्या अखेरीस खाली आणतात; या हिवाळी चराईला तेथे विंटरेज म्हणतात. चुनखडक उन्हाळ्यात तापतो आणि ती ऊब हळूहळू सोडतो, समुद्रामुळे थंडी सौम्य राहते, म्हणून डोंगरावर गवत हिवाळ्यातही थोडेफार वाढते. शिवाय पाऊस भेगांतून निचरून जात असल्याने गुरांच्या पायाखाली चिखल होत नाही, तर खालची कुरणे मात्र त्या काळात ओलीचिंब असतात. उन्हाळ्यात वर प्यायला पाणी उरत नाही, म्हणून तेव्हा गुरे खाली. हिवाळाभर जाडे, वाळके गवत खाल्ले गेले, की वसंतात छोट्या फुलझाडांना उजेड मिळतो, आणि त्यांच्या फुलण्याच्या काळात वर कोणतेही जनावर नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गुरे हिवाळ्यात गोठ्यात बांधून मुरघास घालण्याची पद्धत आली, तशी वरची चराई कमी झाली आणि हेझेलची झुडपे फुलांच्या जागेवर पसरू लागली. 2005 ते 2010 या काळात तेथे शेतकरी आणि शास्त्रज्ञांनी मिळून बुरेनलाइफ नावाचा प्रकल्प चालवला आणि त्यातून पुढे अशी योजना उभी राहिली, की शेतकऱ्याला त्याच्या कुरणाच्या अवस्थेनुसार पैसे मिळतात. दरवर्षी कुरण तपासून त्याला दहापैकी गुण दिले जातात; गुण जास्त तर रक्कम जास्त. काय करायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे, पाहायचा तो परिणाम. हे शेजारचे शेतकरी आपल्या एका कुरणाला मिळालेले नऊ गुण ज्या अभिमानाने सांगत होते, तो अभिमान आपल्याकडे उसाचे एकरी टन सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या आवाजात मी पुष्कळदा ऐकला आहे. ही गुरे दुधासाठी नाहीत, मांसासाठी पाळली जातात, हेही त्यांनी न लपवता सांगितले. ते ऐकणे मला जड गेले. तरीही त्या डोंगराचे गणित या गुरांशिवाय जुळत नाही, हे मान्य करावे लागते.

त्यांनी मला विचारले, "तुमच्याकडे गुरांना घेऊन कोणी असे फिरते का?" मी त्यांना फलटण-माण भागातल्या मेंढपाळ धनगरांविषयी सांगितले. दिवाळी झाली की ते आपले वाडे, म्हणजे मेंढ्यांचे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या शेतांत मेंढ्या बसवतात, त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्यापूर्वी देशावर परततात. बुरेनची गुरे डोंगर चढतात त्याच आठवड्यांच्या आसपास आपल्याकडच्या मेंढ्या घाट उतरत असतात, हे लक्षात आल्यावर ते थोडा वेळ थांबले आणि त्यांनी मेंढ्यांना वाटेत पाणी कोठे मिळते, रात्री राखण कोण करते, कुत्री किती असतात, असे एकामागून एक प्रश्न विचारले. मोठमोठ्या परिषदांत असे प्रश्न कोणी विचारत असेल असे मला वाटत नाही.

मग कासचा विषय निघाला. पश्चिम घाटातील ठिकाणांसोबत कासचा जागतिक वारसा यादीत 2012 साली समावेश झाला. त्या पठारावर जांभा दगडावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यातच गेंद, सीतेची आसवे, तेरडा, सोनकी फुलतात. गर्दीपासून फुलांचे रक्षण करण्यासाठी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले, त्याने गुरांची चराई थांबली, आणि मग गवत वाढून फुले कमी होत असल्याचे गावकरी आणि अभ्यासक सांगू लागले. कुंपण असावे की नसावे, यावर त्यानंतर पुष्कळ चर्चा झाली. दोन्ही ठिकाणचा दगड वेगळा, पाऊस वेगळा, फुलण्याचा ऋतू वेगळा. म्हणून बुरेनचे उत्तर जसेच्या तसे कासला लावा, असे मी म्हणणार नाही. पण पठाराभोवतीच्या गावांत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारली, त्यांना कोणत्या महिन्यात कोणत्या भागात किती जनावरे सोडावीत हे विचारावे, त्याप्रमाणे काही भाग ठेवून पाहावेत आणि फुले चांगली राहिली तर त्याचे पैसे पर्यटकांच्या शुल्कातून त्यांच्या हाती पडावेत, एवढे तरी करण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते.

बुरेनमधील आणि आसपासची इतर स्थळेही पाहिली. पाच हजार वर्षांहून जुने पुलनाब्रोनचे दगडी दफनस्थळ पाहिले, 214 मीटर उंचीपर्यंत जाणाऱ्या मोहरच्या कड्यांवर पफिन पक्षी पाहिले, आणि डूलिनहून बोटीने इनिशीर बेटावर गेलो, जेथे पूर्वजांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रशेवाळ टाकून हाताने माती तयार केली आणि त्यात बटाटे पिकवले. 1845 नंतरच्या दुष्काळात याच बटाट्यावर रोग पडला आणि देशात सुमारे दहा लाख माणसे दगावली. किनाऱ्यालगतच्या पडक्या, छप्पर नसलेल्या घरांकडे पाहताना हे विसरता येत नाही.

पेढ्यांचे सांगायचे राहिले. मैत्रिणीने तेथलेच पूर्ण सायीचे दूध आणून, ते संध्याकाळभर आटवून, खरपूस भाजून कंदी पेढे केले आणि आम्ही ते शेजारच्या शेतकरी दांपत्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दूध किती वेळ आटवले, त्यात आणखी काय घातले, हे सगळे विचारून घेतले आणि परतीच्या वेळी आमच्या हातात अंडी आणि बटाटे ठेवले. त्या गावात मैत्रिणीचे घर का आहे, हे मला त्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळले: तिला तिथे रुग्णालयातली डॉक्टर म्हणून कोणी पाहत नव्हते, डोंगरापलीकडच्या घरातली शेजारीण म्हणूनच पाहत होते.

ज्यांना फुले पाहायची आहेत त्यांनी मे महिन्यात जावे. जूनच्या मध्यापर्यंत जेन्शियन बहुतेक संपलेले असते. मला स्वतःला पुन्हा जायचे आहे ते ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या शनिवार-रविवारी गुरे डोंगरावर चढवण्याचा सोहळा तेथे लोक एकत्र येऊन करतात आणि पाहुण्यांनाही गुरांच्या मागून चालू देतात. शेजारच्या काकांनी मला त्यांच्या कळपामागे चालण्याचे निमंत्रण दिले आहे आणि बदल्यात त्यांना धनगरांच्या वाड्यासोबत एक दिवस घाट उतरायचा आहे.