जेडीबीसी ब्रिज ते कनेक्शन पूल: माझा अनुभव

एका पतसंस्थेचं ठेवी-कर्जाचं जुनं वेब ॲप्लिकेशन माझ्याकडे देखभालीला आलं. जावा ७, टॉमकॅट हा वेब सर्व्हर, आणि डेटाबेसशी जोडणी जेडीबीसी-ओडीबीसी ब्रिजमधून. जेडीबीसी ही जावातून डेटाबेसशी बोलायची प्रमाण पद्धत, ओडीबीसी ही तशीच जावाबाहेरची, आणि ब्रिज हा दोघांमधला दुवा. जावा ८ मधून तो ब्रिज काढूनच टाकला आहे, त्यामुळे आवृत्ती वाढवायची तर जोडणी बदलणं भाग होतं.

ड्रायव्हर, डेटासोर्स, पूल, बीन हे शब्द वाचून माहीत होते. पण कोण कुणाला काय देतं, हे काम करतानाच नीट कळलं. ड्रायव्हर बदलणं सोपं गेलं. कोड बोलतो तो जेडीबीसीच्या इंटरफेसशी. त्यामागे मायएसक्यूएलचा टाइप ४ ड्रायव्हर, म्हणजे शुद्ध जावात लिहिलेला आणि थेट ३३०६ पोर्टवर बोलणारा, बसवला. सर्व्हर बदलला की डीएसएन, म्हणजे ओडीबीसीतली जोडणीची नोंद, नव्याने बनवायची कटकट तिथेच संपली.

खरा वेळ गेला तो जेएसपी पानांत, म्हणजे एचटीएमएलमध्येच जावा कोड असलेल्या पानांत, विखुरलेल्या क्वेरी गोळा करण्यात. खातेदाराचं बीन, म्हणजे त्याची माहिती धरणारा साधा जावा क्लास, बनवलं: रिकामा कन्स्ट्रक्टर, गेटर, सेटर. क्वेरी डीएओमध्ये, म्हणजे फक्त डेटाबेसशी बोलणाऱ्या वेगळ्या क्लासमध्ये, नेल्या. तेच बीन आता पासबुक छपाईलाही चालतं आणि व्याजाच्या अहवालालाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मग हिकारीसीपी या लायब्ररीचा पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार कनेक्शनचा साठा, लावला आणि चाचणीत स्क्रीन अडकू लागली. लॉगमध्ये एकच तक्रार: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०,००० मिलिसेकंद वाट पाहिली. पूलमध्ये मुळात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. आकडा ५० करा, असा सल्ला मिळाला. मी तो मानला नाही, कारण गळती असेल, म्हणजे घेतलेलं कनेक्शन परतच येत नसेल, तर पन्नासही संपणारच. लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड, म्हणजे कनेक्शन किती वेळ बाहेर राहिलं की इशारा द्यायचा ती मर्यादा, दहा सेकंदांवर ठेवला, तेव्हा लॉगने थेट व्याजाच्या अहवालातली ओळ दाखवली. जुन्या कोडमध्ये लूपमधूनच रिटर्न होत होतं आणि खालचं क्लोज गाठलंच जात नव्हतं. पूल असला की क्लोज कनेक्शन तोडत नाही, परत पूलमध्ये ठेवतं. ते झालं नाही तर पुढचा ताटकळतो. क्लोज आपोआप करणारं जावाचं ट्राय-विथ-रिसोर्सेस घातलं, गळती थांबली.

मार्चअखेरचं व्याज पूल १० वरच ठेवून निघालं. काही अहवाल अजून जेएसपीतच क्वेरी धरून बसलेत, आता त्यांचा नंबर.