हँडल

परवा दुपारी गोधडीसाठी जुनं लुगडं कापत होते. कात्रीने अंगठ्याचं मूळ सोलून निघालं. डावखुऱ्यांना हे सांगायला नको. उजव्यांच्या कात्रीत कापड कापलं जात नाही, पात्यांमध्ये दुमडतं. वैतागून कात्री ठेवली आणि मला ब्रश आठवली.

दात घासायचा नव्हे. ब्रश ही डेट्रॉइटची मोटार. अ‍ॅलन्सन ब्रश नावाच्या माणसाने कॅडिलॅकच्या सुरुवातीच्या एक सिलिंडरी इंजिनावर काम केलं आणि मग स्वतःच्या नावाची चिमुकली गाडी काढली. 1907 ला आली, 1913 पर्यंत संपलीसुद्धा. चौकट लाकडाची, आसही लाकडाचे. लोक चिडवायचे, ‘वुडन बॉडी, वुडन अ‍ॅक्सल, वुडन रन!’ शेवटचं ‘वुडन’ म्हणजे ‘वुडन्ट’, चालायचीच नाही. ते जाऊ दे. माझं भांडण तिच्या हँडलशी आहे, म्हणजे इंजिन सुरू करायला पुढून हाताने फिरवायच्या दांड्याशी.

तेव्हाची बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांसारखी फिरायची. हँडल मारताना ठिणगी आधी पडली तर ते उलटा झटका देई आणि उजव्या हाताचा अंगठा निखळे, नाहीतर हाड मोडे. म्हणून जाणते सांगत, डाव्या हाताने मारा. वाचून केवढा आनंद झाला! जगात एक तरी यंत्र आमच्या बाजूचं होतं. आणि या ब्रशसाहेबांनी काय करावं? उजव्यांच्या सोयीसाठी इंजिनच उलटं फिरवलं.

पुढे 350 डॉलरची ‘लिबर्टी ब्रश’ही काढून झाली. पण ती ज्या मोठ्या कंपनीच्या कडेवर बसली होती, ती युनायटेड स्टेट्स मोटर कंपनी 1912 मध्ये बुडाली. त्याच साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला. म्हणजे हँडलचं भांडणच मिटलं.

आमच्या विहिरीवर मात्र ते पुढे कितीतरी वर्षं होतं. पाण्याची पाळी आली की काका डिझेल इंजिनाचं हँडल मारायचे, इंजिन फिरायला लागलं की त्याची कळ पाडायला मी उभी. “मूठ वळायची नाही. अंगठा बोटांच्याच बाजूला,” हे दर वेळी. एकदा मी हँडलला हात घातला तर ओरडले, “डाव्याने सुरुवात करू नये गं!”

त्यांनी उजव्यानेच केली, आयुष्यभर. एका उन्हाळ्यात हँडल उलटलं. मनगट नंतर कधी सरळ झालं नाही. भाकरी मात्र ते त्याच हाताने मोडायचे, हळूहळू, आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघत जेवायचो.