तुम्ही विचारलंत म्हणून: एका दिवसाच्या ट्रेनिंगने फरक पडतो का?

"मॅडम, आमच्याकडे मुली टिकत नाहीत. सगळ्या सुपरवायझरांचं एक दिवसाचं ट्रेनिंग घेऊन टाका. फरक पडेल ना?" चाकण-रांजणगावचे एचआर मॅनेजर मला हे विचारतात, हिंजवडीतलेही विचारतात. कंपनीला 'डायव्हर्सिटी' हवी असते, वरून ईमेल आलेला असतो, आणि वर्ष संपायच्या आत काहीतरी करून दाखवायचं असतं. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक हाच प्रश्न जरा वेगळा करून विचारतात: "इतक्या पिढ्यांची मनं अशी बदलतात का गं?"

नुसत्या ट्रेनिंगने नाही बदलत. अमेरिकेत फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी शेकडो कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. सक्तीच्या ट्रेनिंगनंतर मॅनेजरच्या पदांवर स्त्रिया आणि कृष्णवर्णीय वाढले, असं त्यांना दिसलं नाही. काही गटांचं प्रमाण तर घटलं. फरक दिसला तो जिथे ठरावीक माणसांवर जबाबदारी होती, टास्क फोर्स होता, मेंटर होते, तिथे. मला हे अगदी पटतं. हॉलमध्ये बसवलेला फोरमन दिवसभर नीट ऐकतो, त्याला त्यातलं बरंचसं पटतंही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो लाइनवर कुणी कुठे काम करायचं याची कालचीच यादी लावतो. कारण यादी लावायची पद्धत कुणी बदललेली नसते. कंपनीतल्या कामाच्या पद्धती माणसांना बरोबर घेऊन बदलायच्या, याला संघटना विकास किंवा ओडी म्हणतात; माझं ते काम त्या यादीपासून सुरू होतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. असेंब्ली लाइनवर आयटीआय झालेल्या, बारावी झालेल्या मुली घेतल्या होत्या. काही खेड-जुन्नरच्या, बऱ्याचशा बीड-लातूरकडून येऊन चार-पाच जणींत खोली करून राहणाऱ्या. काही महिन्यांत एकेक जण सोडून जायची. उत्तर सगळ्यांकडे तयार होतं: लग्न ठरलं की जातात. मी सुचवलं की सोडून गेलेल्या मुलींना फोन करायचे, पण ते एचआरने करायचे नाहीत आणि मीही करणार नाही. लाइनच्या सुपरवायझरांनी करायचे, जोडीजोडीने. विचारायचं एवढंच: शेवटचा महिना कसा गेला ते सांग.

सुपरवायझर आधी नाखूश होते. फोन करून आल्यावर मात्र त्यांच्यातला कुणी गप्प बसेना. लाइन चालू असताना जागेवरून उठायचं तर रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागा सांभाळणारा माणूस, लागतो. रिलीव्हर लाइनला एकच, आणि तो बहुतेक वेळा मटेरियल आणायला गेलेला. बायकांचं टॉयलेट शेडच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या बाजूने. म्हणून मुली शिफ्टभर पाणीच पीत नव्हत्या. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस हायवेवर सोडायची, तिथून खोलीपर्यंत अंधारात चालत. ज्या मुलीला सगळे "लग्नामुळे गेली" म्हणत होते, तिचं लग्न झालेलं नव्हतं. ती भोसरीत दुसऱ्या कंपनीत लागली होती, थोड्या कमी पगारावर. एका सुपरवायझरने मला विचारलं, "मॅडम, ही माझ्याच लाइनवर होती. मला कसं कळलं नाही?" त्याला कळेल अशी काही सोयच नव्हती. राजीनाम्याच्या फॉर्मवर 'वैयक्तिक कारण' असा रकाना होता आणि त्यावर टिक केली की काम संपत होतं.

मग आम्ही लाइनच्या बोर्डासमोर उभे राहिलो. कारखान्यात काम केलेल्यांना स्किल मॅट्रिक्स माहीत असेल: डावीकडे खाली नावं, वर आडवी स्टेशनं, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचा एक गोल. काम समजलं की पाव गोल भरतो, देखरेखीखाली येऊ लागलं की अर्धा, एकट्याने जमलं की पाऊण, दुसऱ्याला शिकवता आलं की पूर्ण. पगारवाढ, लाइन लीडरचं पद, सगळं या गोलांवर ठरतं. हा बोर्ड रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मुलींच्या ओळी तेवढ्या वाचून बघा म्हटल्यावर शांतता झाली. सोप्या स्टेशनांवर गोल पूर्ण, प्रेस आणि टेस्टिंगच्या रकान्यांत पाव किंवा कोरे. कारण नवीन स्टेशन शिकवायचं ते ओव्हरटाइममध्ये नाहीतर थर्ड शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, लाइनवर दाब कमी असताना. मुली त्या वेळी नसायच्याच. मुलींना मशीन शिकवू नका असं कुणी म्हटलेलं नव्हतं, कुणाच्या मनातही नव्हतं. शिकवण्याची वेळच अशी होती की त्या बाहेर राहाव्यात.

पुढचे बदल सुपरवायझरांनीच मांडले. शिकवण्यासाठी फर्स्ट शिफ्टमध्ये ठरावीक वेळ, दोन लाइनींत मिळून एक जादा रिलीव्हर, बसचा थांबा वस्तीपर्यंत, मॅट्रिक्सचा आढावा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी. टॉयलेटला खर्च होता म्हणून त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकदा स्वतः हिशेब मांडला की माणूस तो हिशेब सोडत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवूड नावाचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे कामगार मिळेनात, तेव्हा तिशीच्या पुढच्या बायका घ्याव्यात असं वरून सुचवलं गेलं. सुपरवायझर तयार नव्हते: या वयात हात चालत नाही, शिकायला वेळ लागतो, रजा फार होतात. तज्ज्ञांनी त्यांना शास्त्रीय पुरावे दाखवले, उपयोग झाला नाही. मग त्यांनाच सांगितलं की कारखान्यात आधीच असलेल्या मोठ्या वयाच्या बायकांचं काम तुम्हीच मोजा, कसं मोजायचं तेही तुम्हीच ठरवा. आकडे त्यांच्या समजुतीच्या उलट आले. ज्यांनी मोजणीत भाग घेतला त्यांचं मत बदललं. ज्यांनी निकाल फक्त ऐकला ते बऱ्याच अंशी जागच्या जागी राहिले. आल्फ्रेड मॅरो आणि जॉन फ्रेंच यांनी १९४५ मध्ये हे लिहून ठेवलं आहे. कुणाला आकडे दाखवायच्या आधी मला तो लेख आठवतो.

हारवूडशी जोडलेला मानसशास्त्रज्ञ म्हणजे कर्ट लेविन, ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडलेला. १९४६ च्या उन्हाळ्यात त्याने कनेटिकट राज्याच्या वंशसंबंध आयोगासाठी न्यू ब्रिटन इथे एक कार्यशाळा घेतली. विषय होता वांशिक आणि धार्मिक भेदभाव कमी कसा करायचा. दिवसभर गटचर्चा, आणि संध्याकाळी संशोधक बसून कोण कसं वागलं याच्या नोंदी ताडून पाहायचे. काही सहभागींनी विचारलं, आम्ही ऐकायला बसू का? लेविनने हो म्हटलं. एका बाईंनी आपल्याबद्दलची नोंद ऐकून तिथल्या तिथे हरकत घेतली, त्यावरून बोलणं पेटलं, आणि पुढे त्या संध्याकाळच्या बैठकीच मुख्य कार्यशाळेपेक्षा मोलाच्या ठरल्या. फीडबॅकची आज सगळीकडे चालणारी पद्धत, टी-ग्रुप, म्हणजे आपलंच वागणं तपासत शिकणारा छोटा गट, पुढे १९४७ मध्ये मेन राज्यातल्या बेथेलला अशा गटांसाठी सुरू झालेली प्रयोगशाळा, हे सगळं तिथून आलं. लेविन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला, बेथेल त्याला बघायला मिळालं नाही. सर्वसमावेशकतेला ओडीतलं नवं फॅड म्हणणाऱ्यांना मी न्यू ब्रिटनची ही हकीकत हमखास सांगते.

आपल्याकडे याहून जुनं आणि अंगावर येणारं उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं आहे. दलित कामगार गिरण्यांत होते, पण विणकाम खात्यात त्यांना घेत नसत, आणि पगार तर विणकरांचा चांगला. कारण धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, होतं. धाग्याची कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचा. ज्या धोट्याला दलिताचं तोंड लागलं, त्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला: कामगारांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या युनियनने विणकाम खातं आमच्यासाठी उघडण्याचीही मागणी करावी. भांडवलदार एका बाजूला आणि कामगार दुसऱ्या बाजूला असं सरळ चित्र असताना, कामगारांच्या आतली ही भिंत दाखवायला केवढं धैर्य लागलं असेल. आणि ती भिंत उभी होती कामाच्या एका रोजच्या कृतीवर, जी बाहेरच्याला निव्वळ तंत्राचा भाग वाटली असती.

म्हणून कुठल्याही कंपनीत गेले की आजचा धोटा कुठे आहे, हे मी शोधते. बऱ्याचदा तो भरतीत सापडतो. "ओळखीतलं कुणी आहे का बघा" या रेफरलच्या पद्धतीने त्याच तालुक्यातली, त्याच आडनावांची माणसं येत राहतात. मुलाखतीत "गाव कुठलं तुमचं?" आणि लगेच "आडनाव काय म्हणालात?" असं विचारणारा माणूस आपण जात विचारली हे शपथेवर नाकारेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. २००७ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की दलित आणि मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली. तिथे तर मुलाखतीपर्यंतही गोष्ट पोचली नव्हती. मी आग्रह धरते की मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत, सगळ्यांना तेच विचारावेत, आणि गुण प्रत्येकाने वेगवेगळे देऊन मगच बोलावं. कंटाळवाणं काम आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

कंत्राटी कामगारांबद्दल मात्र मला अजून पुरेसं यश नाही. एकाच लाइनवर शेजारी उभे, पण युनिफॉर्मचा रंग वेगळा, जेवणाची वेळ वेगळी, आणि सुरक्षा बैठकीत त्यांना बोलायची पाळी येत नाही. कंपनीच्या डायव्हर्सिटीच्या आकड्यांत ते मोजलेच जात नाहीत. हे जोवर चालतं, तोवर त्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

कायद्यांची यादी इथे देत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, पन्नास असतील तर पाळणाघर हवं, २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे समान संधीचं धोरण हवं; हे एचआरला तोंडपाठ असतं. कायदा पाळूनही गेटबाहेर काय होतं हे बघावं लागतं. कोची मेट्रोने २०१७ मध्ये तृतीयपंथी कर्मचाऱ्यांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झालं, आणि काही जणींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं, कारण शहरात त्यांना कुणी खोली भाड्याने देईना. नोकरीच्या पत्राबरोबर राहायच्या जागेचा विचार करणं हे कंपनीचं काम नाही असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देते.

चाकणच्या त्या कारखान्यात आता वेगळाच प्रश्न वर आला आहे, आणि तो पुरुषांनी मांडला. मुली थर्ड शिफ्ट करत नाहीत, म्हणून आमची पाळी लवकर लवकर येते. तक्रार रास्त आहे, ती कुजबुजीतून बाहेर आली हे फार चांगलं झालं. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर स्त्रियांना रात्रपाळीची मुभा दिली, त्यामुळे दार बंद नाही. मुलींमध्येच दोन मतं आहेत. खोली करून राहणाऱ्या काही जणींना रात्रीचा भत्ता हवा आहे. घरून येणाऱ्यांच्या घरी चालणार नाही. मॅनेजमेंटला एकच नियम हवा, तो लिहायला सोपा. मी सांगितलं आहे की नियम लिहू नका अजून. दोन्ही बाजूंचे मिळून सहा जण बसवा, त्यात एक कंत्राटी कामगार असू द्या, आणि मागच्या वर्षभराची शिफ्टची यादी आधी त्यांच्या हातात द्या. पुढच्या आठवड्यात ते बसणार आहेत, आणि यावेळी एचआर मॅनेजरने मला ट्रेनिंगची तारीख विचारलेली नाही.