पोटाशी ओटी

कमरेच्या ऑपरेशनआधी रुग्णांना विचारायच्या प्रश्नावलीचं मराठी आज धुळ्यात प्रत्यक्ष पेशंटना वाचून दाखवलं. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं होतं, तिसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत नेलं होतं. कागदावर सगळं जुळलेलं.

पण ‘आपल्या अपेक्षा काय?’ म्हटल्यावर अमळनेरकडच्या एक मावशी गप्पच. "डॉक्टर सांगतील तसं."

मग विचारलं, "मावशी, ऑपरेशननंतर काय काय करता येईल असं वाटतं?" लगेच त्यांचे हात पोटाशी गेले, वेचलेला कापूस ठेवायला कापडाची ओटी बांधल्यासारखे. "वावरमा कापूस येचाले जाता यी ना?"

केवढा फरक पडला एका शब्दाने! ‘अपेक्षा’ आजच काढला. वाकण्याच्या प्रश्नाला कापूस वेचण्याचं उदाहरण जोडायचं ठरवलंय. आता हा बदललेला मसुदा घेऊन पुन्हा नव्या पेशंटसमोर बसायचं.