आज्याचा बिल्ला

मृग लागला की आमच्या दुकानात चांदी यायला लागते. सोयाबीनचं बियाणं, खताच्या गोण्या, पेरणीची मजुरी आणि त्याच महिन्यात पोरांच्या फिया. सगळं एकदम अंगावर येतं. मग डब्यातले वाळे, तोडे, करदोडे रुमालात बांधून गिऱ्हाईक अंबाजोगाईच्या सराफा गल्लीत उतरतं. मोड बघायची, घासायची, तेजाब लावायचं, वजनातली घट धरायची, पैसे मोजायचे. आजोबांपासून हेच चालू आहे. नवल वाटावं असं क्वचितच काही निघतं त्या रुमालांतून.

त्या दिवशी केज तालुक्यातलं एक कुटुंब आलं. ऐंशीच्या घरातले बाबा, त्यांची दोन मुलं, थोरली सून. बाबांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं आणि गाठोडं काट्याशेजारी ठेवलं. आत बायकी तोड्यांचा जोड, लहान बाळाचे वाळे, दोन राणीछाप रुपये आणि एक मोठा काळा पडलेला बिल्ला. रुपयापेक्षा मोठा. वर अडकवायची दांडी अर्धी मोडलेली, फीत केव्हाच गेलेली. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं. दुसऱ्या बाजूला उघडाबोडका घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल, आणि १९१४ व १९१८ हे आकडे.

"ह्यो आमच्या आज्याचा," बाबा म्हणाले. "बसऱ्याच्या लढाईतला. चांदीचा हाय. मोडायचा जीव व्हत न्हाई, पर औंदा इलाज न्हाई."

इराकमधलं बसरा म्हटलं की आम्हा सराफांना मोती आठवतात. जुन्या नथी उसवताना अजूनही कधीतरी बसऱ्याचा मोती हाती लागतो आणि गिऱ्हाईकाला त्याची किंमत समजावताना घसा कोरडा पडतो. पण केज तालुक्यातला कोणी माणूस त्या बसऱ्याला जाऊन आला असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

बिल्ला कसोटीवर ओढला. रेघ तांबूस उमटली. वर तेजाबाचा थेंब टाकला तर फसफसून हिरवी झाली आणि विरून गेली. चांदी असती तर मिठाच्या पाण्यात पांढरा साका धरला असता. पुन्हा दुसऱ्या कडेला ओढून पाहिलं, कारण वरून मुलामा असला तर एक रेघ फसवते. तेच.

"बाबा, हे कांसं आहे. तांब्यातलं. याला चांदीचा भाव येत नाही."

धाकटा मुलगा उसळला. त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. हाच घोडा, हाच राजा, हेच आकडे. खाली लिहिलेलं, पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश पदक, चांदीचं. "काका, म्हाताऱ्या मानसाला बघून काटा मारताव का?" थोरल्यानं त्याला दटावलं, पण नजर त्याचीही माझ्या हातावरच होती. या गल्लीत अशी शंका रोजची आहे, तिचा राग धरून धंदा होत नाही. पण मला कोडं पडलं. फोटोतलं पदक खरंच चांदीचं होतं आणि माझ्या हातातलं खरंच चांदीचं नव्हतं. छाप तर हुबेहूब एक.

भिंग लावून कड फिरवली. इंग्रजी अक्षरं झिजली होती. आधी एक नंबर, मग 'कुली', मग अर्धंमुर्धं नाव, आणि शेवटी 'पोर्टर कोअर'.

समोरच्या गल्लीत इतिहासाचे एक निवृत्त सर राहतात, पेपर वाचायला आमच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांना हाक मारली. त्यांनी बिल्ला उलटा-पालटा केला, कड वाचली आणि म्हणाले, "सराफ, तुमचा तेजाब बरोबर आहे आणि या पोराचा मोबाइलही बरोबर आहे. पदक एकच काढलं होतं. लढणाऱ्याला चांदीत दिलं, ओझं वाहणाऱ्याला काशात."

दुकानात कोणी बोललं नाही. मग सुनेनं विचारलं, "एकाच लढाईत?"

"एकाच लढाईत."

सरांच्या म्हणण्याप्रमाणं काशातली ही पदकं सुमारे १,१०,००० निघाली. चिनी, माल्टी, आफ्रिकी मजुरांना आणि आपल्या मजुरांना, हमालांना. मी सराफ आहे. एका साच्यातून दोन धातूंत माल काढायचा आणि कोणाला कुठला द्यायचा हे माणसाच्या हुद्द्यावरून ठरवायचं, हा हिशेब मला चटकन कळला. आवडला नाही, पण कळला.

त्यानंतर बराच वेळ दुकानातलं काम थांबलं. सर सांगत होते, बाबा मधेच आजोबांच्या तोंडून ऐकलेलं बोलत होते, आणि दोन्ही एकमेकांना चपखल बसत होतं. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेली फौज फावला उतरली आणि त्याच महिन्यात तिनं बसरा घेतलं. तेलाच्या नळांची राखण हे एक कारण होतं. पुण्याची सहावी डिव्हिजन त्यात होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. एवढं जिंकून झालं, पण बसऱ्याला धड धक्काच नव्हता. समुद्रातून आलेलं जहाज नदीतच नांगर टाकून उभं राहायचं. त्यातली पोती, चारा, दारूगोळा, खेचरं, सगळं 'महैला' नावाच्या शिडाच्या होड्यांत उतरवायचं, मग काठावर, मग पुन्हा वर जाणाऱ्या आगबोटीत. जहाजं आठवडे आठवडे खोळंबायची.

"बोटीतून बोटीत," बाबा एकदम म्हणाले. "आजा तेच सांगायचा. पोतं पाठीवर घ्यायचं, फळीवरून चालायचं. फळी हलती. खाली चिखल. आमच्या आयला वाटायचं, म्हातारा उगंच सांगतोय. लढाईवर गेलेला मानूस पोती कशाला उचलंल?"

हा प्रश्न मलाही पडला असता. फौज म्हटलं की डोळ्यापुढं बंदूक येते. पण बंदुकीमागं पाणी वाहणारे भिस्ती, स्वयंपाक करणारे लांगरी, घोड्यांचे मोतद्दार, खेचरवाले, डोलीवाले, भंगी, हमाल अशी दुसरी फौज चालते. महायुद्धात हिंदुस्थानातून भरती झालेल्या सुमारे १४ लाख ४० हजार माणसांपैकी ५ लाख ६३ हजार बिगरलढाऊ होते. म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोन. मजूर इतके कमी पडू लागले की तुरुंगांतले कैदी शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, नेले गेले.

मग सरांनी कूतची गोष्ट सांगितली. बगदाद घ्यायच्या नादात जनरल टाउनशेंडची हीच सहावी डिव्हिजन तैग्रिसच्या काठानं वर गेली, टेसिफॉनला थांबली, मागं हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमाराला तुर्कांनी तिला कोंडलं. १४७ दिवस. घोडे, खेचरं कापून खायची पाळी आली. आपले शिपाई घोड्याचं मांस खाईनात, तेव्हा धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या. दळायला जातं नव्हतं, म्हणून विमानातून जात्याची तळी टाकली. पुढं विमानातून धान्यही टाकलं, पण तेवढ्यानं पोट भरण्यासारखं नव्हतं. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यांतली तीन हजारांच्या वर हेच भिस्ती, लांगरी, मोतद्दार. सोडवायला गेलेल्या फौजेत ९७ डेक्कन इन्फन्ट्री होती, म्हणजे जुन्या हैदराबाद कंटिन्जंटमधून, निजामाच्या खर्चानं इंग्रजांच्या हाताखाली असलेल्या फौजेतून, झालेली पलटण. ती जानेवारीत कूतजवळच्या हन्नाच्या चिखलात कापली गेली.

"सर, धान्यच नव्हतं का?" थोरल्यानं विचारलं. शेतकरी माणूस, प्रश्न नेमका.

उत्तर बाबांनी दिलं. "धान्य लई व्हतं. आजा म्हनायचा, वर फौज उपाशी मरत व्हती आन आमी हितं गव्हाच्या थप्पीवर निजायचो. न्यायला बोटी न्हाईत."

सरांनी मान हलवली. पुढं नेमलेल्या चौकशी आयोगाच्या १९१७ च्या अहवालात इंग्रजांनीच हे छापलं. नदीत चालतील अशा कमी बुडाच्या आगबोटी पुऱ्या नव्हत्या, जखमींना आणायलाही वेगळ्या नव्हत्या. माल आणि खेचरं वर नेणारी बोटच परत येताना माणसं भरून आणायची. त्या अहवालानंतर लंडनमध्ये भारतमंत्री चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. नंतर मात्र पैसा ओतून बसऱ्याला धक्के बांधले, हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ आणि इंजिनं नेली. औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून आपण ज्या मापाच्या गाडीनं पिढ्यान् पिढ्या फिरलो, त्याच मापाची गाडी बसऱ्याहून वर धावू लागली. हे ऐकून धाकट्याचा मोबाइल पहिल्यांदा खिशात गेला.

आमच्या गावाचं निजामशाहीतलं नाव मोमिनाबाद. कंटिन्जंटचं घोडदळ इथं असायचं. १९०३ ला ते इंग्रजी फौजेत मिसळलं. घोडेस्वारांच्या गोष्टी इथं म्हणून ऐकू येतात. निजामाचे लान्सर, म्हणजे भालेस्वार, पॅलेस्टाइनपर्यंत गेले. दिल्लीच्या तीन मूर्तींमधली एक मूर्ती त्यांची आहे, बाकीच्या दोन जोधपूर आणि म्हैसूरच्या. पोतं वाहणाऱ्याची मूर्ती कुठं बघितल्याचं मला आठवत नाही. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर तर आपल्या साध्या शिपायांचीसुद्धा नावं कोरलेली नाहीत. पलटणीचं नाव आणि मेलेल्यांचा आकडा. शिपायाची ही गत, तर हमालाला कड भरून नाव मिळालं हेच जास्त झालं, असं सर तिरकसपणे म्हणाले.

एवढं होईपर्यंत चहा येऊन गेला होता आणि मला धंद्याची आठवण झाली. तोडे हातात घेतले. घासलं, मग टंचाच्या, म्हणजे शेकडा किती शुद्ध ते दाखवणाऱ्या मशीनवर ठेवलं. आकडा आला ९१ च्या आसपास. खेड्यातल्या जुन्या तोड्यांचा टंच कुठंही भरकटतो, सोनारानं जेवढं मिसळलं तेवढा. पण ९१ आणि वर थोडं, हा टंच मी ओळखतो. तो जुन्या इंग्रजी रुपयाचा. बारा भागांत अकरा भाग चांदी.

"बाबा, हे तोडे रुपये आटवून केलेत. कलदार रुपये."

बाबा हसले. दात नव्हते, पण हसले मनापासून. "आज्यानं पगाराचं कलदार आनलं व्हतं. निम्म्याची बैलजोडी घेतली, निम्म्याचं आजीला तोडं."

निजामाच्या मुलखात तेव्हा त्याचा स्वतःचा हाली सिक्का चालायचा. सहा कलदाराला सात हाली, असा ढोबळ भाव. बाहेरून कलदार आणणाऱ्या माणसाला गावात मान असायचा, आणि गावचा सोनार ते आटवायला टपलेला असायचा. त्या युद्धात चांदीची टंचाईही अशी झाली की सरकारनं १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट काढली आणि १९१८ ला अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी घेतली. म्हणजे या आज्यानं आणलेले रुपये त्या वेळी सांभाळून ठेवण्यासारखेच होते. त्यानं ते बायकोच्या पायात सांभाळले.

तोडे मोडायचे ठरले. त्या दिवशीचा भाव सांगितला, घट सांगितली. थोरल्यानं नेहमीप्रमाणं घासाघीस केली, मी नेहमीप्रमाणं थोडं सोडलं. बिल्ल्याचा प्रश्न राहिला. आता तो कोणालाच मोडायचा नव्हता, मघाशी ज्याला मोल नव्हतं त्यावर दोघा भावांचा डोळा. धाकटा पुण्याला कंपनीत, थोरला गावात शेती बघणारा. धाकटा म्हणाला, मी फ्रेम करून लावतो. थोरल्याची बायको म्हणाली, म्हातारं आमच्यात राहतंय, बिल्ला पण आमच्यातच राहील. आवाज चढायला लागला तसं मी मधे पडलो. असली भांडणं दुकानात मिटली तर ठीक, नाहीतर तीच मंडळी सहा महिन्यांनी वाटणीसाठी परत येतात.

"दुसरा करून देतो," मी म्हटलं. "साचा घेऊन. कारागीर आहे माझ्याकडं."

"काशाचा?" धाकट्यानं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तो धातू."

तो तोड्यांकडं बघत राहिला. "चांदीत करा. ह्याच्यातलीच काढा."

मूळ बिल्ला थोरल्याकडं, चांदीचा धाकट्याकडं असं ठरलं. वजनाचा अंदाज धरला, तेवढी चांदी बाजूला काढली, पावतीवर तसं लिहिलं. कडेवरची अक्षरं साच्यात नीट उठणार नव्हती, ती वेगळी ठोकावी लागणार होती. काय ठोकायचं ते कागदावर लिहून घ्यायला बसलो. नंबर लिहिला. पुढं धाकट्यानं माझा हात धरला.

"काका, ते कुली नका टाकू. नुसतं नाव टाका. पायजे तर शिपाई टाका."

मी बाबांकडं बघितलं. त्यांनी बिल्ला उचलून डोळ्याजवळ नेला. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच. अंगठ्यानं कड चाचपली.

"शिपाई कशाला?" ते म्हणाले. "गोळी एक न्हाई झाडली त्यानं. पोती उचलली, तेच लिव्हा."

मी कुली लिहिलं. धाकट्याचं तोंड उतरलं होतं, पण घडणावळ त्यानंच दिली.