ग्रीस गन घेताना मी डबा बघितला, तोंड बघितलंच नाही

मागच्या ऑक्टोबरात सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं आणि हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर मारायला घेतला, तर दुसऱ्याच दिवशी डाव्या अंगानं किर्र किर्र आवाज सुरू. थांबून हात लावला तर साईड बेरिंगचं हाऊसिंग तव्यासारखं तापलेलं. मिस्त्रींनी खोललं तर आत ग्रीस नावालाही नाही, नुसती तांबूस भुकटी. मी म्हणलं, "मिस्त्री, दर दोन दिवसाला मी स्वतः ग्रीस मारतोय ओ, दहा-दहा स्ट्रोक!" ते काही बोलले नाहीत, निपलच्या (जिथं गन लावून ग्रीस आत सोडतात ते बारीक टोक) भोवती साचलेला ग्रीसचा गोळा बोटानं काढला आणि माझ्यापुढं धरला. "हे बघा मालक तुमचे दहा स्ट्रोक. सगळे बाहेरच आहेत."

बेरिंग, सील, मजुरी आणि ऐन वापशाचे, म्हणजे रानात मशागतीजोगी ओल असतानाचे, दोन दिवस गेले. वापसा काय आपल्यासाठी थांबत नाही.

तर चूक कुठं झाली ते सांगतो, कारण मला वाटतं निम्म्या लोकांचं असंच होत असणार. मी गन घेताना डबा किती मोठा, पत्रा किती जाड, हँडल कसं, एवढंच बघितलं होतं. साडेतीनशे रुपयांची पिस्तूल टाईप. पण गनचं खरं काम होतं ते तोंडाशी, म्हणजे कपलरला. निपलच्या आत एक बारीक गोळी असते, मागं स्प्रिंग. कपलरच्या आतल्या चिमट्यांनी निपलला गच्च धरलं, तरच सगळा दाब त्या गोळीवर येतो, गोळी मागं सरकते आणि ग्रीस आत जातं. चिमटे झिजले, तिरके बसले किंवा निपल आतून वाळून बसलं की ग्रीसला आत जाण्यापेक्षा बाहेर येणं सोपं, मग ते बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं वा, भरपूर झालं. (या निपलला अमेरिकेत झर्क म्हणतात, ऑस्कर झर्क नावाच्या माणसावरून, त्याचं तिथलं पेटंट १९२९ सालचं. त्याच्या आधी पेलीत ग्रीस भरून झाकण पिळायचं असला प्रकार होता.)

आता बाहेर आलेलं ग्रीस बघताना एकच बघायचं, कुठून आलं. बेरिंगच्या सीलच्या कडेनं थोडं जुनं काळं ग्रीस बाहेर डोकावलं तर आत पोचलंय. निपलच्या मुळाशी गोळा झालाय तर नाही पोचलं, विषय संपला.

दुसरी गन घ्यायला गेलो तेव्हा दुकानात तासभर डोकं खाल्लं त्याचं. लिव्हरवाली गन दाब जास्त देते, बसलेलं निपल ती उघडते, पण तिची गोम अशी की एक हात डब्याला, एक हात लिव्हरला आणि कपलर धरायला तिसरा हात आणायचा कुठून? रोटाव्हेटरच्या खाली आडवं पडून करून बघा म्हणजे कळेल. पिस्तूलवाली एका हातानं चालते पण दाब कमी, आणि माझ्याकडची तर लवकर थकली. बॅटरीवाली माझ्या मावसभावाकडं आहे, त्याचं हार्वेस्टर आहे, रोज निपलांची रांग, त्याला परवडते. माझ्या एका ट्रॅक्टरला, रोटाव्हेटरला, पलटी नांगराला आणि ट्रॉलीला ते कौतुक कशाला. मी घेतली साधी लिव्हरवाली, पण तिला दीड फुटी लवचिक पाईप आणि लॉकवाला कपलर वेगळा घेतला. हा कपलर दाबून निपलवर बसवला की सोडत नाही, दोन्ही हात मोकळे. गनपेक्षा याच्यावर पैसे घाला असं मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय, बायको म्हणते जावयाचं कौतुक करावं तसं चाललंय.

गन आणली आणि पहिल्याच दिवशी अडली. पंप मारतोय, लिव्हर हलकी हलकी जातेय, ग्रीस काय येईना. हवा अडकली होती. आपण सुटं ग्रीस भरतो, डब्यात तोंड बुडवून मागचा दांडा ओढून, त्यात हवेचे बुडबुडे जातातच. गनचं डोकं एखादा आटा सैल करायचं, मागचा दांडा पुढं रेटायचा, हवा फुसकन जाते, मग डोकं आवळायचं. काही गनला त्यासाठी बारीक व्हॉल्व्ह असतो. मी हे न कळता अर्धा तास शिव्या दिल्या.

ग्रीस मी एपी-३ वापरतो, आपल्याकडं कुठल्याही दुकानात मिळणारं लिथियमचं. तो आकडा घट्टपणाचा, ३ म्हणजे २ पेक्षा घट्ट. थंडीत सकाळी ते गनमधून येताना कुरकुरतं, म्हणून डबा थोडा उन्हात ठेवतो. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी घालते, लाल म्हणजे भारी असं काही नसतं. आणि आज हे उद्या ते अशी भेसळ करू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळून जातात. डब्याचं झाकण मात्र लावाच, माझ्या डब्यात एकदा सोयाबीनचा भुसा निघाला, तो थेट बेरिंगमध्ये गेला असता.

एक दिवस हौस म्हणून कागदावर दहा स्ट्रोक मारून घरच्या काट्यावर तोलले, नऊ ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे एका स्ट्रोकला जेमतेम ग्रॅम. तुमची गन वेगळी असेल, पण एकदा तोलून ठेवा, मग नुसतं "दहा मारले" याला काही अर्थ येतो. पीटीओ शाफ्टच्या (ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला पोचवणारा दांडा) सांध्यातल्या क्रॉसला मी चारी टोपड्यांतून ग्रीस डोकावेपर्यंत मारतो, एखाद्यातून येत नसेल तर शाफ्ट जरा हलवून, वाकवून परत. शाफ्टची एकात एक सरकणारी नळी लोक विसरतात, ती कोरडी राहिली की जाम होते. उलट सीलवाल्या बेरिंगला जोर लावून ठासलं तर सीलच बाहेर येतं. निपल चिंधीनं पुसल्याशिवाय कपलर लावायचा नाही, नाहीतर धूळच आत ढकलतो आपण. आणि मी संध्याकाळी काम संपल्यावर मारतो, बेरिंग कोमट असतं, ग्रीस सहज पसरतं आणि दिवसभराची घाण बाहेर येते.

इंजिन बंद, चावी खिशात, हे सांगायची गरज नसावी. पण दुसरं सांगतो, फाटक्या पाईपवर किंवा गळक्या कपलरवर बोट ठेवू नका. हा दाब एवढा असतो की ग्रीस कातडी फोडून आत शिरतं, वरून टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही फार, आणि आतून बोट सडू शकतं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना.

अण्णांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या वेळी गाडीच्या आखाला एरंडेलात भिजवलेली चिंधी लावायचो, गाडी ओरडली की वंगण, एवढाच हिशोब. मी म्हणलं अण्णा, रोटाव्हेटर ओरडला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून आता रोज मारायच्या निपलांभोवती लाल रंगाचा ठिपका दिलाय आणि पन्नास तासांनी मारायच्यांना पांढरा, मुलगा मोजून सांगतो राहिलं का कुठलं.

लॉकवाला कपलर परवा शेजारच्या काकांनी दोन तासांसाठी म्हणून नेलाय. आज चौथा दिवस.