सरांचे लोखंड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी पत्र आले. गॅदरिंग, सहली, खो-खोचे मैदान यांवर इतर लिहितीलच. मला आपल्या रसायनाच्या सरांपलीकडे काही सुचत नाही.

बाटलीवर ‘पोटॅशियम फेरोसायनाइड’ वाचून मागच्या बाकांवर कुजबुज व्हायची. मग सर मुद्दाम तोच प्रयोग घेत. फिकट पिवळ्या द्रावणात फेरिक क्लोराइडचे चार थेंब टाकले की गडद प्रशियन निळा अवक्षेप! “यात सायनाइड आहे, पण लोखंडाने घट्ट धरलंय,” सर सांगत. मीठ मोकळे राहावे म्हणून हेच संयुग किंचित घालतात. पुडीवर ५३६ हा आकडा असतो. तो निळा अवक्षेप तर थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणून देतात, आणि १९८७ साली ब्राझीलमधल्या गोइयानियात किरणोत्सारी सीझियम पोटात गेलेल्यांनाही दिला होता. हल्ली हा प्रयोग पडद्यावर दाखवतात म्हणे. पडद्यावरच्या निळ्याचा डाग सदऱ्यावर पडत नाही!

पोटॅशियम सायनाइडमध्ये मात्र धरणारे कोणी नाही. मोकळे सायनाइड पेशीतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) लोखंडाला चिकटते. रक्तात प्राणवायू असतो, पेशीला तो वापरता येत नाही. म्हणून शिरेतले रक्तही लालभडक दिसते.

पशुवैद्यकाच्या धंद्यात मला सरांचे हे लोखंड रोज उपयोगी पडते. कोवळ्या ज्वारीत सायनाइड साखरेला बांधलेले असते, धुरिनच्या रूपात. पान चावले की ते सुटू लागते, पुढचे काम पोटातले जिवाणू करतात. पावसाचा खंड, कापणीनंतरचे फुटवे, नत्राचा जादा डोस यांनी प्रमाण वाढते. जनावर धापा टाकते, लटपटते, कोसळते. किराळ, म्हणजे ही ज्वारीची विषबाधा, लागली की हाती मिनिटेच असतात. म्हणून ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच कापावी आणि नीट सुकवून घालावी.

उताराही लोखंडाचाच. शिरेतून सोडियम नायट्राइट दिले की थोड्या हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन (प्राणवायू न वाहणारे रूप) होते आणि त्यातले लोखंड सायनाइडला पेशीतून ओढून घेते. पाठोपाठ थायोसल्फेट द्यायचे, म्हणजे सायनाइडचे थायोसायनेट होऊन लघवीवाटे जाते. माणसांना हायड्रॉक्सोकोबालामिनही देतात; तिथे लोखंडाऐवजी कोबाल्ट, आणि तयार होते ते चक्क ब-१२ जीवनसत्त्व.

घात होतो तो घाईने. ताणातल्या ज्वारीत नायट्रेटही साठते, त्याच्या विषबाधेची लक्षणे बरीचशी अशीच, पण मेथहिमोग्लोबिनमुळे रक्त चॉकलेटी. अशा जनावराला नायट्राइट टोचले तर ते दगावू शकते; तिथे मेथिलीन ब्लू लागते. प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ भरल्याशिवाय सर ‘अनुमान’ लिहू देत नसत. गोठ्यात सुई भरण्याआधी मी रक्ताचा रंग पाहतो, तो त्यांच्यामुळे.